पाठांतर

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
बाजारात कुणी हसून मान हलवली
तर मी हातातल्या कोथिंबिरीकडे बघत राहते.
वळून चालू लागली की मात्र
कोटाआडूनही ओळखते:
डावा खांदा उचलून चालणारी म्झेविनार,
मंगळवारची, दुसरा ओटा.

एकतीस वर्षं तिबिलिसीत
या विटांच्या घुमटाखाली
मी बायकांची अंगं चोळते.
पाणी डोंगराच्या पोटातून गरमच येतं.
गंधकाचा वास केसांतून जात नाही;
नवरा होता तोवर म्हणायचा,
उशीवर अंडं उकडलंय कुणी?

अंग चोरून येतात सगळ्या.
टॉवेल छातीशी, पायाची बोटं आत वळलेली,
जणू मी न्यायाधीश आहे.
मी म्हणते, पालथी हो.
बास, एवढंच.
मग खरखरीत मोजा मानेपासून खाली,
आणि कातडीच्या करड्या शेवया
गळत जातात मोरीत,
श्रीमंतिणीच्याही तेवढ्याच,
थोड्या जास्तच, खरं सांगायचं तर.

वीज नव्हती त्या हिवाळ्यात
ब्रेडच्या रांगेतून थेट इथे यायच्या,
पैसे नसायचे. एकीनं मीठ दिलं, एकीनं अर्धी मेणबत्ती.
अंधारातही फासळ्या मोजता यायच्या.
मी हात हलका ठेवायचे,
कारण चोळायला मळ होता,
पण त्याच्याखाली पांघरायला काही नव्हतं.

नाझिब्रोला त्याच हिवाळ्यातली.
उजव्या फऱ्याच्या खाली, चार बोटांवर,
तिची एक जागा होती.
तिथे हात लागला की शाळेतल्या पोरीसारखी किंचाळायची
आणि अख्खा घुमट हसायचा.
मी मुद्दाम लावायचे.
मग एका वर्षी ती बसूनच राहिली, पालथी होईना.
डावीकडे छातीच्या जागी एक शिवण,
घाईत शिवलेल्या गोणीसारखी.
मी विचारलं नाही.
साबणाची पिशवी फुगवली,
फेस आधी तिथेच ओतला, भरपूर,
उजवीइतका उंच.
तो हळूहळू बसत गेला,
आम्ही दोघी बघत राहिलो.
‘जुनी बरी होती गं,’ ती म्हणाली,
‘पण ही हलकी आहे.’

पुढच्या वर्षी आली नाही.

काल एक मुलगी आली, तिशीची असेल,
बर्लिनहून सुट्टीला,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, शब्द शोधत बोलणारी.
पालथी झाली आणि माझा हात थांबला.
तोच मणका, मानेखालून तिसरा, जरा बाहेर आलेला.
तेच फरे, अर्धवट उघड्या कपाटाच्या दारांसारखे.
मला पाठी पाठ आहेत,
चूक होत नाही.
तरी मोजा काढला,
नुसत्या बोटांनी मोजत गेले: एक, दोन, तीन, चार.

ती किंचाळली.
‘माफ करा,’ म्हणाली, ‘ही जागा माझी
अशीच आहे. आमच्या घरात कुणालाच नाही,
फक्त मला.’
मी म्हणाले, हो का.
आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला,
कामाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ.

रात्री सगळ्या गेल्या की मी त्याच ओट्यावर बसते.
गुडघे करकरतात, तळहात उकडलेल्या कोबीसारखे.
स्वतःला चोळत येते, टाचेपासून वर,
मांडीवरची निळी शीर,
पोट, ज्यात कुणी टिकलं नाही.
पाठीशी आले की हात तोकडा पडतो.
मध्ये वीतभर जागा आहे,
मी कधी पाहिली नाही,
नीट धुतलेलीही नाही.

नवी पोरगी ठेवलीय, तेक्ले. बोटं लांब आहेत,
घाबरते.
उद्या तिला सांगणार आहे,
शिकायचंय ना, मग माझ्यावरच सुरुवात कर.
हात आखडता घेऊ नकोस.
आणि मला गुदगुल्या झाल्याच कुठे
तर ती जागा
लक्षात ठेव.